चालकदलाची झोप आणि तिचा हिशेब

वाहन चालवणाऱ्याने सलग किती तास काम करावे, हा प्रश्न विदर्भात रेल्वेबरोबर आला. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी त्याची वाट होती आणि यवतमाळ तिच्या बाहेर राहिले. १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातल्या माणसाला गाडी धरायची तर आधी धामणगाव गाठावे लागे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत, कापूस मुंबईच्या दिशेने हलवण्यासाठी, मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मापाचा फाटा पडला. किलिक निक्सन या पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची त्यावर मालकी होती. गाडी चालवण्याचे काम आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुलाकडे आणि नंतर मध्य रेल्वेकडे राहिले. लोकांनी या गाडीला शकुंतला हे नाव दिले.

शकुंतलेच्या इंजिनावरचा थकवा कोणालाही दिसण्यासारखा होता. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल येईपर्यंत या मार्गावर राबत होते. वैशाखात वऱ्हाडचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात भट्टीचे तोंड उघडून कोळसा लोटणारा फायरमन आणि वाफेचा दाब सांभाळणारा ड्रायव्हर संध्याकाळी कशाने दमले, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. शेवटच्या काळात तर मोजकी माणसेच सगळी गाडी सांभाळत. फाटक आले की गाडी थांबवून खाली उतरायचे, फाटक लावायचे, गाडी पुढे काढायची, पुन्हा उतरून फाटक उघडायचे. तिकिटे देण्यापासून डबे जोडण्यापर्यंतची कामेही त्यांच्याच अंगावर होती. हा श्रमाचा थकवा होता, आणि विश्रांतीचे पहिले कायदे झाले ते याच थकव्यासाठी.

मुख्य मार्गावरच्या थकव्याची जात वेगळी होती. वर्धा, बडनेरा, नागपूर अशा ठिकाणी इंजिने आणि माणसे बदलत. रेल्वे वसाहतीत रात्री-अपरात्री कॉलबॉय हातात कंदील आणि कॉल बुक घेऊन दार वाजवी. ड्रायव्हर सही करी, आपली पेटी उचली आणि शेडची वाट धरी. मेल गाड्यांना निदान ठरलेली वेळ असे. मालगाडीचा ड्रायव्हर मात्र गाडी तयार होईल तेव्हा निघे आणि वाट मोकळी मिळेल तसा पुढे सरके. मेल जाऊ देण्यासाठी बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभे राहणे हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. दुसऱ्या टोकाला रनिंग रूममध्ये पाठ टेकायला खाट मिळे, पण ती दुपारी मिळेल की पहाटे, हे त्याच्या हातात नव्हते. खाट आहे म्हणजे विश्रांती झाली, असे हिशेबाच्या वहीत धरले जाई. दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या तापल्या छपराखाली माणूस खरोखर किती झोपला, याला वहीत रकाना नव्हता.

विश्रांतीची मागणी महाराष्ट्रात आधी गिरण्यांतून उठली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रेल्वेत कायदा यायला पुढची चाळीस वर्षे गेली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ब्रिटिश हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तासांची सवलतीची मर्यादा ठरवली होती. सर्वसाधारण मर्यादा ४८ तासांची होती. १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन सतत काम करणाऱ्यांना ६० तास आणि अधूनमधून काम पडणाऱ्यांना ८४ तास अशी मर्यादा आली. गंमत अशी, की धावत्या गाडीवरचे ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड सुरुवातीला या नियमांच्या बाहेरच ठेवले गेले. त्यांच्या कामाला वेळापत्रकाची चौकट बसत नाही, असे त्याचे कारण दिले जाई. ज्यांच्या डुलकीने गाडी रुळावरून उतरू शकते, नेमक्या त्यांनाच तासांचा कायदा लागू नव्हता.

ही विसंगती काढण्याचे काम एका मराठी न्यायाधीशाकडे आले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांना १९४६ साली सरकारने रेल्वे कामगारांच्या वादात लवाद नेमले. १९४७ चा त्यांचा निवाडा पुढच्या सगळ्या नियमांचा पाया ठरला. त्यांनी कामाची तीव्रता पाहून वर्ग केले: ज्या कामात क्षणभरही लक्ष ढळून चालत नाही त्याला आठवड्याला ४५ तास, सततच्या कामाला ५४ आणि अधूनमधूनच्या कामाला ७५. धावत्या गाडीवरच्या माणसालाही ठरावीक काळाने सलग मोठी विश्रांती द्यावी, महिन्यातून किमान चार वेळा ३० तासांची किंवा पाच वेळा २२ तासांची, ही व्यवस्था याच परंपरेतली आहे. आठ तास वा त्याहून अधिक काम करून मुख्यालयी परतलेल्याला १६ तास, त्याहून कमी काम केलेल्याला १२ तास विश्रांती, हेही नियम पुढे रुळले.

तरी गाडी उशिरा धावली की तास वाढतच. न्यायमूर्ती मियाभॉय यांच्या न्यायाधिकरणाने १९७२ साली कामाचे तास पुन्हा तपासले, पण लोको कर्मचाऱ्यांचे समाधान झाले नाही. १९७३ च्या त्यांच्या संपात मुख्य मागणी एकच होती: सही केल्यापासून सुटेपर्यंत दहा तास, त्यापुढे नाही. सरकारने ती मान्य केली. अंमलबजावणीचा वाद पुढच्या वर्षीच्या देशव्यापी रेल्वे संपातही मिसळला. इतक्या झगड्यातून आलेला हा हिशेब कष्टकऱ्याच्या बाजूने मोठी मजल होती. मात्र त्यात दिवसाचा तास आणि रात्रीचा तास यांचे मोल जवळजवळ एकच होते. पहाटे चारचे दहा मिनिटांचे लक्ष आणि सकाळी दहाचे दहा मिनिटांचे लक्ष यांत फरक असतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होते, तरी कायद्यात त्याला जागा मिळाली नव्हती.

विमानाने हा फरक उघडा पाडला, आणि तोही विदर्भाच्याच आकाशात. ३० जानेवारी १९४९ रोजी भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा तिच्यामागे आग्रह होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, विमानांत इंधन भरले जाई आणि उजाडण्याच्या सुमारास ती आपापल्या शहरी परतलेली असत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाई. नागपूरची निवड नकाशावरून झाली होती. चारही शहरांपासूनचे अंतर सातशे ते हजार किलोमीटरच्या आसपास पडते. मुंबई-नागपूर सरळ रेषा यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर कडेजवळून जाते, त्यामुळे नेर-बाभूळगावकडच्या शेतात जागल करणाऱ्याला त्या विमानाचा आवाज रात्री दोनदा ऐकू येण्याजोगा होता.

या सेवेला विरोधही झाला होता. जे. आर. डी. टाटा यांनी तिच्यावर उघड टीका केली. रात्रीच्या उड्डाणांना लागणारी जमिनीवरची साधने पुरेशी नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला कराचीहून मुंबईला टपाल घेऊन स्वतः विमान आणणाऱ्या माणसाने टपालाच्याच योजनेला हरकत घ्यावी, यातून त्या काळी रात्रीचे उड्डाण किती जोखमीचे मानले जाई ते दिसते. सेवा सुरू केली ती इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने. ती कंपनी लवकरच बंद पडली आणि काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ देशी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली आणि रात्रीचे टपाल तिच्याकडे आले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला या सेवेवरचे डाकोटा विमान सोनेगावहून मद्राससाठी उडताच कोसळले आणि १३ जण ठार झाले. हा अपघात थकव्याचे उदाहरण म्हणून इथे आलेला नाही. दररोज रात्री चार दिशांनी किती जोखीम उचलली जात होती, एवढे त्यावरून कळते.

डाकोटाचा वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. मुंबईहून नागपूरला यायला सुमारे पावणेतीन तास आणि परतीला तेवढेच. परतीचा प्रवास साधारण पहाटे दोन ते साडेपाच या पट्ट्यात पडे. झोपेच्या अभ्यासकांनी पुढे याच पट्ट्याला शरीराचा सर्वांत मंद काळ ठरवले. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे तापमान उतरलेले असते, हात आणि नजर यांचा मेळ सैल पडतो, आणि आधी दिवसभर झोपलेल्या माणसालाही पेंग येते. घराघरांत लोक साखरझोपेत असतात ती ही वेळ. रात्रीच्या टपालाचा वैमानिक नेमक्या त्या वेळी दोन पंख्यांच्या एकसुरी घरघरीत, काळोखात, उपकरणांच्या मंद उजेडाकडे पाहत बसलेला असे, आणि या सगळ्याच्या शेवटी विमान उतरवायचे असे. त्याचे श्रम फायरमनच्या मानाने नगण्य. घाम नाही, ओझे नाही. तरी धोका मोठा, कारण फायरमन दमला की त्याला ते समजते, झोपेने मंदावलेल्या मेंदूला मात्र आपण मंदावलो आहोत हेच धड समजत नाही.

विमान उडवण्याच्या नियमांत हे कुठे बसते? १९३७ च्या विमान नियमांत ४२-अ या कलमाने वैमानिकाला कोणत्याही सलग ३० दिवसांत १२५ तासांहून अधिक उड्डाण करायला मनाई आहे. या मापाने मोजले तर सहा तासांची जाऊन-येऊन फेरी महिन्यात वीस रात्री केली तरी १२० तास भरतात. कायद्याचा भंग होत नाही. वीस रात्रींचे जागरण आणि वीस दिवसांचे उड्डाण यांचा आकडा एकच येतो, आणि नियमातली उणीव त्या एकाच आकड्यात आहे. १९५० साली सरकारने हवाई वाहतुकीची चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुन्हा न्यायमूर्ती राजाध्यक्षच होते. पण या वेळी त्यांच्यापुढचा प्रश्न कंपन्यांच्या तोट्याचा, परवान्यांचा आणि भाड्याचा होता. रेल्वेच्या निवाड्यात ज्यांनी तासाचे वर्ग पाडले, त्यांच्याच हाती विमानाची फाइल आली तेव्हा ती जमाखर्चाची होती. विमानचालकाच्या झोपेचा राजाध्यक्ष भारताला मिळालाच नाही, असे म्हणायला हरकत नसावी. रात्रीची टपाल सेवा सत्तरच्या दशकात बंद झाली. दिवसा धावणारी जेट विमाने वाढली आणि थैल्या त्यांतून जाऊ लागल्या.

दरम्यान झोपेचे शास्त्र पुढे सरकत होते. नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९३८ साली अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत, सूर्य न दिसता, राहून पाहिले. शरीर दिवसरात्रीचा फेरा सहजी सोडत नाही, असे त्यातून पुढे आले. १९८२ साली अलेक्झांडर बोरबेली यांनी दोन प्रक्रियांचे प्रारूप मांडले: माणूस जितका वेळ जागा राहतो तितकी झोपेची ओढ साठत जाते, आणि तिच्या जोडीला शरीरातले घड्याळ आपल्या वेळेनुसार जागे ठेवते किंवा खाली ओढते. दोन्ही एकाच दिशेला ओढू लागतात ती वेळ म्हणजे पहाट. १९९४ साली नासाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची झोपेची मुभा दिली होती; सरासरी २६ मिनिटांची झोप झाली आणि त्यानंतरच्या टप्प्यात त्यांची सावधता लक्षणीय सुधारली. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते, असे दाखवले. मद्य पिऊन आलेल्याला विमानाजवळ फिरकू न देणाऱ्या यंत्रणेपुढे हा आकडा अडचणीचा होता.

भारतात १९९२ सालच्या एका परिपत्रकावर वैमानिकांच्या कामाचे तास दीर्घकाळ चालले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २७ जुलै २००७ रोजी अधिक कडक नियम काढले, पण विमान कंपन्यांच्या हरकतीनंतर २००८ मध्ये ते स्थगित झाले आणि जुने परिपत्रकच चालू राहिले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हरल्या. सर्वोच्च न्यायालयानेही ३ मे २०११ रोजी त्यांचे अपील फेटाळले. कंपन्यांची अडचण खोटी नव्हती. विश्रांती वाढवली की तेवढ्याच फेऱ्यांना जास्त वैमानिक लागतात, आणि प्रशिक्षित कमांडर दोन महिन्यांत तयार होत नाही. पण हा वाद न्यायालयात असतानाच मंगळूरची दुर्घटना घडली.

२२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना तिच्या टोकापलीकडे जाऊन दरीत कोसळले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ मरण पावले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले होते. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रकात सुमारे दोन तास पाच मिनिटांचे मुद्रण होते. त्यातली पहिली सुमारे एक तास चाळीस मिनिटे जवळजवळ निःशब्द होती, आणि कमांडर झोपी गेल्याचे घोरण्याच्या आवाजावरून कळत होते. विमान ठरल्यापेक्षा उंचावरून आणि वेगाने खाली येत असताना सहवैमानिकाने पुन्हा वर नेण्याची सूचना तीनदा केली, यंत्राचे इशारेही वाजत होते. कमांडरने उतरणे सोडले नाही. अहवालाने हा हट्ट अपघाताचे थेट कारण ठरवला, आणि त्यामागे दीर्घ झोपेतून उठल्यावर येणारी गुंगी व पहाटेचा मंद काळ यांचा वाटा नोंदवला. या अहवालाचे महत्त्व असे, की या उड्डाणात तासांच्या मर्यादेचा भंग झालेला नव्हता. नियमात बसणाऱ्या ड्यूटीतही माणूस नको त्या वेळी झोपू शकतो आणि नको त्या वेळी जागा होऊ शकतो, हे ध्वनिमुद्रणाच्या पुराव्यानिशी समोर आले. मुद्रक नसता तर ही दुर्घटना केवळ चुकीच्या लँडिंगची म्हणून जमा झाली असती.

ऑगस्ट २०११ मध्ये नवे नियम आले. सात दिवसांत ३५, तीस दिवसांत १२५ आणि वर्षात १,००० तास अशी उड्डाणाची कमाल मर्यादा, आठवड्यातून सलग ३६ तासांची विश्रांती, आणि पहाटेच्या मंद काळाचा नियमांत स्पष्ट उल्लेख. जगातही तोच काळ बदलाचा होता. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून ५० जण गेले. त्यातली सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आली होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०११ साली थकव्याची जोखीम हाताळण्याच्या पद्धतीला आपल्या मानकांत जागा दिली.

या पद्धतीत तासांची कमाल मर्यादा एवढाच आधार नसतो. आखलेले रोस्टर, म्हणजे कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक, संगणकाच्या गणिती प्रारूपातून काढून कोणत्या फेरीत कोणत्या वेळी सावधता किती खाली जाईल, याचा अंदाज घेतला जातो. मग तो अंदाज खऱ्या माणसांवर पडताळतात. वैमानिक मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून झोपतात, उड्डाणापूर्वी व नंतर आपल्या पेंगेला सात पायऱ्यांच्या मापावर गुण देतात, पडद्यावर ठिपका दिसताच बटण दाबण्याची छोटी चाचणी देतात. कंपनीत एक गट असतो, त्यात वैमानिक, रोस्टर आखणारे, डॉक्टर असे लोक बसतात. कोणती फेरी सतत तक्रारीत येते ते पाहून ती हलवतात किंवा मोडतात. ही सगळी यंत्रणा एका नाजूक गोष्टीवर उभी आहे. ‘मी आज उडण्याच्या स्थितीत नाही’ असे लिहून देणाऱ्याला शिक्षा होणार नाही, यावर वैमानिकाचा विश्वास हवा. तो नसेल तर अहवाल येत नाहीत, आणि अहवाल येत नाहीत म्हणून थकवा नाही असा कागद तयार होतो. विमान उडवणे ही भत्त्याशी जोडलेली नोकरी आहे, उडाला नाही तर पैसे कमी. तेव्हा हा विश्वास परिपत्रकाने येत नाही.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या विमानतळावर, पुण्याला जाणाऱ्या विमानात चढण्याआधी, एक वैमानिक दरवाजाजवळच कोसळला आणि हृदयक्रिया बंद पडून वारला. आदल्या दिवशी त्याने पहाटे तीन ते सातच्या दरम्यान दोन फेऱ्या केल्या होत्या आणि त्यानंतर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे त्याच्या कंपनीने सांगितले. हृदयविकाराचे कारण थकवाच, असे म्हणता येत नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी वैमानिकांच्या संघटनांना पहाटेच्या फेऱ्यांचा प्रश्न पुन्हा मांडायला या मृत्यूने कारण दिले. ८ जानेवारी २०२४ रोजी महासंचालनालयाने सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या मध्यरात्री ते पहाटे पाच होती, ती सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्यूटीत सहा वेळा लँडिंग करता येत असे, ती संख्या दोनवर आली. कंपन्यांनी थकव्याच्या तक्रारींचे अहवाल दर तिमाहीला द्यावेत, असेही ठरले. त्याच वर्षी मार्चमध्ये चालकदलाच्या तासांच्या व थकव्याच्या नियमांचे पालन न केल्याबद्दल एअर इंडियाला ८० लाख रुपयांचा दंड झाला.

नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, ते पुढे ढकलले गेले. दिल्ली उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. दुसरा टप्पा लागू झाल्यावर महिन्याभरात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंडिगो या विमान कंपनीला वैमानिक पुरेनात. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या, आणि त्याच दिवशी रात्रीच्या काही अटींतून तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली. रजा साप्ताहिक विश्रांतीत धरू नये, ही अटही मागे घेतली गेली. नियमाची घोषणा आणि त्याचा अखेरचा टप्पा यांत जवळजवळ बावीस महिने होते. तेवढ्यात नवे वैमानिक तयार करायला वेळ पुरला नसता, असे कोणी म्हटले तर ते पटणे कठीण आहे.

यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. जवाहरलाल दर्डा यांचे नाव दिलेला हा विमानतळ राज्याने २००९ साली नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद यांच्यासह खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला होता. इथला प्रवासी नागपूरलाच जातो. शकुंतला दशकभरापूर्वी थांबली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचा वर्धा-कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीच्या कोळसा खाणींतून मालगाड्या रात्रंदिवस भरून निघतात. कोळशाच्या गाडीला वेळापत्रक नसते. ती भरली की लोको पायलटला बोलावणे येते, फक्त कॉलबॉयच्या जागी आता फोन आहे. १९७३ साली दहा तास मान्य झाले होते, तरी रेल्वेने २०१६ पासून सहीपासून सुटीपर्यंतची मर्यादा अकरा तासांची ठेवली; सलग रात्रीच्या ड्यूटीची मर्यादा मात्र चार रात्रींची आहे. ती दोन रात्रींवर आणावी, अशी लोको पायलटांच्या संघटनेची मागणी आहे. विमानचालकासाठी सलग दोन रात्रींची मर्यादा आधीपासून आहे.